आमच्या मोरीतला नवरंग

पक्षी सप्ताह ५ नोव्हेंबरला सुरू होतो आणि १२ नोव्हेंबरला संपतो. पाच तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि बारा तारखेला डॉ. सालिम अली यांचा, म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२० साली हा आठवडा ठरवून दिला. यंदा गुरुजींनी फळ्यावर लिहिले, ‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या एका पक्ष्याविषयी लिहा. पुस्तकातून उतरवू नये.’ त्यामुळे या भित्तिपत्रकावर कावळे फार झाले आहेत. मी मोजले, सहा आहेत. त्याखालोखाल चिमण्या.

माझा निबंध नवरंगाचा आहे. वर्गातल्या दोघातिघांनी ‘ही थापा मारते, मुकुंदवाडीत कुठला आला नवरंग’ असे म्हटले. म्हणून जसे घडले तसे सगळे लिहिते. साक्षीदार म्हणून आमची आजी आहे, गुरुजी आहेत आणि गल्लीतली निदान पंधरा माणसे आहेत. बाबांच्या मोबाईलवर काढलेला फोटो खाली चिकटवला आहे, पण तो हललेला असल्यामुळे त्यात पोपट दिसतो. तो पोपट नाही.

आमचे घर रेल्वेच्या पटरीच्या अलीकडे आहे. एका बाजूला मुकुंदवाडीचे छोटे स्टेशन, दुसऱ्या बाजूला जालना रोड आणि पुढे चिकलठाण्याचे विमानतळ. विमान उतरताना इतके खाली असते की त्याची चाके दिसतात. झाडे म्हणाल तर गल्लीच्या तोंडाशी एक कडुनिंब आणि शेजारच्या काकूंच्या दारात शेवगा. एवढ्यावर जे पक्षी राहू शकतात ते राहतात, म्हणजे कावळे, पारवे, साळुंक्या आणि कडुनिंबावरचा एक बुलबुल.

जून २०२५ ची गोष्ट. शाळा उघडली त्याच आठवड्यात एका रात्री मोठे वादळ झाले. पत्र्यावर ठेवलेले दगडसुद्धा सरकले. लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी होती. म्हणून आजी पहाटेच उठून मोरीत ड्रम सरकवायला गेली. ड्रमच्या मागे काहीतरी हलले. आजीला वाटले उंदीर. तिने मला हाक मारली, “आगं ये, मोबाईलची बॅटरी घेऊन ये इकडं.”

मी उजेड पाडला आणि दोघीही गप्प झालो.

भिंतीला चिकटून एक पक्षी बसला होता. साळुंकीहून लहान, आणि शेपूट जवळजवळ नव्हतेच. जणू कोणी कात्रीने कापून टाकले आहे. पाठ हिरवी. खांद्यावर निळा तुकडा, तोही साधा निळा नव्हे, बॅटरी हलली की चमके. पोट बदामी. शेपटीखाली लालभडक. गळा पांढरा. डोळ्यावरून मानेपर्यंत काळा पट्टा आणि त्या पट्ट्यावर पांढरी भुवई. डोके फिकट तपकिरी आणि मधोमध काळी रेघ. पाय गुलाबी. नंतर आम्ही रंग मोजत बसलो. चोचीचा धरला तर नऊ भरतात, नाही धरला तर एक कमी पडतो. आजी म्हणते, धरायचा.

पक्ष्याचे डोळे अर्धे मिटलेले होते. पंख पसरलेले नव्हते, पण अंग सारखे वरखाली होत होते. दमलेला माणूस कसा धापा टाकतो तसे. आम्ही जवळ गेलो तरी तो उडाला नाही. एवढ्यात मोरीच्या भिंतीवर काकूंचे मांजर येऊन बसले. आजीने भाकरीचे टोपले रिकामे केले आणि अलगद त्याच्यावर पालथे घातले. वरून वरवंटा ठेवला.

आमच्या गल्लीत गोष्ट लपत नाही. दिवस उजाडेपर्यंत पंधरा-वीस माणसे जमली. कोणी म्हणाले पोपटाचे पिल्लू, कोणी म्हणाले खंड्या, एक आजोबा म्हणाले की हा परदेशी पक्षी आहे आणि सिडकोतल्या कुणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटला आहे. माझी धाकटी बहीण टोपल्याजवळून हलेना. तिने त्याला ‘राजा’ असे नाव ठेवून टाकले होते आणि तो आपल्याकडेच राहणार असे सगळ्यांना सांगत होती.

त्या गर्दीत एक जण होता, आमच्या गल्लीतला नव्हे. तो टोपल्यातून वाकून बघून बाबांना म्हणाला, “पाचशे देतो.”

इथे थोडे घरचे सांगावे लागेल. बाबांचे काम मे महिन्यापासून बंद होते. ठेकेदार उद्या या, परवा या करत होता. बाबा रोज सकाळी डबा घेऊन नाक्यावर जाऊन उभे राहत. कधी काम मिळे, कधी दुपारी डबा घेऊन घरी येत. माझ्या वह्या यायच्या होत्या. धाकटीला चप्पल नव्हती. त्यामुळे तो माणूस पाचशे म्हणाला तेव्हा सगळ्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिले. मीही पाहिले. आजी मात्र कुणाकडे बघत नव्हती, टोपल्यावर हात ठेवून बसली होती.

बाबांनी विचारले, “खातो काय हा?”

“काहीपण खातो. शिकवलं की शिकतो.”

“याचं नाव काय?”

“नावाशी काय करायचंय?”

बाबा थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “नाही द्यायचा.”

तो माणूस सातशेपर्यंत आला. पण बाबा घरात निघून गेले होते. आई चूल पेटवत होती. गॅस संपला होता. तिने काही विचारले नाही तरी बाबाच तिला म्हणाले, “लॉकडाऊनमधी पटरीनं माणसं चालत यायची. मायनं पाणी दिलं, कुणी ओट्यावर टेकली. कुणाला विचारलं का कुठले म्हणून? हे बी रातभर चालूनच आलंय.”

मी तेव्हा लहान होते, पण मला थोडेसे आठवते. पालकांना तर आठवतच असेल. ८ मे २०२० च्या पहाटे आपल्याच पटरीवर, करमाडजवळ, मालगाडीखाली सोळा मजूर गेले. जालन्याहून चालत निघाले होते, मध्य प्रदेशात घरी जायचे होते. दमून रुळांवरच झोपले. आजी अजूनही करमाडचे नाव निघाले की बोलणे थांबवते.

मी तोंड न धुता शाळेत पळाले. गुरुजी कुलूप काढत होते. मी म्हटले, “गुरुजी, आमच्या मोरीत एक पक्षी आलाय, त्याला शेपूट नाही आणि तो सगळ्या रंगांचा आहे.” गुरुजी हसले नाहीत. त्यांनी कपाट उघडून सालिम अलींचे पुस्तक काढले आणि पाने उलटू लागले. त्यांच्या बोटाआधीच माझे बोट पोचले. हाच. पुस्तकात इंग्रजीत ‘पिट्टा’ लिहिले होते. गुरुजी म्हणाले, “नवरंग. मी वीस वर्षं इथं आहे, मला नाही दिसला.”

त्यांनी वनखात्यात फोन लावला आणि तिकडून सांगितलेले मला कागदावर लिहून दिले. तो कागद मी जपून ठेवला आहे. चपलांच्या खोक्याला भोके पाडून, तळाशी मऊ फडके घालून त्यात ठेवायचे. अंधार आणि शांतता ठेवायची. चोच उघडून पाणी घालायचे नाही, कारण ते श्वासाच्या नळीत जाते आणि पक्षी मरतो. भात, पोळी, दूध काही द्यायचे नाही. सारखे उघडून बघायचे नाही. (हे सगळ्यात अवघड.) संध्याकाळपर्यंत हुशारी आली तर दाट झाडी असेल तिथे सोडायचे. आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे असा पक्षी पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. ही शेवटची ओळ मी गल्लीत मोठ्याने वाचली. पाचशेवाला तोपर्यंत गेला होता.

त्या दिवशी शाळेत काय शिकवले ते मला सांगता येणार नाही. मधल्या सुट्टीत घरी आले तर आजी खोक्याजवळ बसलेली, मांडीवर धाकटी झोपलेली. आजी म्हणाली, “दुपारी एकदा खरवडलं आतून. जिता हाय.”

संध्याकाळी गुरुजी मोटारसायकल घेऊन आले. मुकुंदवाडीत सोडून उपयोग नव्हता. नवरंग जमिनीवर पालापाचोळा उलटून त्यातले किडे, गांडुळे खातो, आणि आपल्याकडे पाचोळा झाडून जाळतात. म्हणून हिमायत बागेत जायचे ठरले. दिल्ली गेटजवळची ही बाग फार जुनी आहे आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र तिथे आहे. आंबे, चिंचा, खाली ओलसर सावली. धाकटी रडून रडून लाल झाली. बाबांनी तिला खांद्यावर घेऊन विमान दाखवायला नेले, तेवढ्यात आम्ही निघालो.

जालना रोडवरून जाताना मी खोके दोन्ही हातांनी पोटाशी धरले होते. ट्रकचा हॉर्न वाजला की आत नखांचा खर्र आवाज होई आणि तो माझ्या तळहाताला कळे. एवढे हलके खोके मी आयुष्यात धरले नव्हते, आणि एवढे जड पण.

बागेत एका चिंचेखाली खोके आडवे ठेवून झाकण उघडले आणि आम्ही मागे सरकून बसलो. बराच वेळ काही नाही. मला वाटले, मेला. गुरुजींनी हाताने थांब केले. मग तो बाहेर आला. चालत नव्हे, टुणटुण उड्या मारत. उभा राहिला, आखूड शेपूट हळूहळू वरखाली केले आणि एक पान चोचीने उलटून टाकले. मग दुसरे. तिसऱ्या पानाखाली काहीतरी सापडले असावे, कारण त्याने डोके झटकले आणि गिळले. सकाळपासून काही न खाल्लेला जीव, आमच्याकडे वळूनसुद्धा न बघता कामाला लागला. झुडपापाशी गेला आणि पुढच्या उडीला दिसेनासा झाला.

अंधार पडायला आला तेव्हा झाडीतून शीळ ऐकू आली. दोन सुरांची, पहिला वर चढणारा आणि दुसरा खाली पडणारा. परत एकदा. गुरुजी म्हणाले की नवरंग पहाटे आणि तिन्हीसांजेला असाच बोलतो, म्हणून तमिळ लोक त्याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात. ती शीळ आमच्या नवरंगाची होती की बागेत उतरलेल्या दुसऱ्या एखाद्याची, ते कळायला मार्ग नव्हता. गुरुजींनी घड्याळ बघितले. सात वाजून गेले होते. “उशिरा आलाय आज,” ते म्हणाले.

परत आल्यावर गुरुजी आमच्या घरी चहाला थांबले. बाबांनी विचारले, “रस्ता चुकला होता का तो?” तेव्हा गुरुजींनी सांगितले की नाही, तो आपल्या रस्त्यानेच चालला होता, मुकुंदवाडी त्या रस्त्यात आली. नवरंग हिवाळ्यात दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. मे-जूनमध्ये पावसाच्या पुढेमागे उत्तरेकडे निघतो, मध्य भारतातल्या जंगलांत आणि हिमालयाच्या पायथ्याशी घरटे करतो आणि पावसाळा संपला की परत दक्षिणेला जातो. प्रवास रात्रीचा. वारा-पाऊस उलटा लागला, शहरातल्या दिव्यांनी गोंधळला, की दमून कुठेही उतरतो. गच्चीवर, गोठ्यात, कुणाच्या न्हाणीघरात. जंगलाबाहेर तो माणसांना दिसतो तो बहुतेक असाच, पडलेला.

“खरा रस्ता चुकलेला वेगळा असतो,” असे म्हणून गुरुजींनी सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात आवडली.

इराक, इराण, अरबस्तानाकडे हिपोकोलियस नावाचा पक्षी आहे. करड्या रंगाचा, बुलबुलासारखा सडपातळ, लांब शेपटीचा. नराच्या डोळ्यांवर काळा पट्टा, चोरासारखा. तिकडच्या खजुराच्या बागांत तो राहतो. हिवाळ्यात काही थोडे गुजरातेत कच्छला येतात आणि पिलूच्या झाडाची फळे खातात. कच्छच्या खाली कोकणात त्याचे काही काम नाही. पण १९३० साली हा पक्षी अलिबागजवळ किहीम गावी सालिम अलींना दिसला आणि १९३१ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी तशी नोंद छापली. आमच्या गल्लीत त्या पक्ष्याला नाव नाही. नाव पडायला आधी दिसावे लागते.

बाबांनी विचारले, “ते किहीमला कशाला गेले होते?”

गुरुजी म्हणाले, “नोकरी गेली होती म्हणून.”

सालिम अली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात लोकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगण्याच्या नोकरीवर होते. जर्मनीला जाऊन पक्ष्यांचे शिक्षण घेऊन आले, तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच काढून टाकलेली. मुंबईत राहणे परवडेना, म्हणून ते आणि त्यांच्या पत्नी तहमिना किहीमला समुद्राकाठच्या घरी राहायला गेले. तिथे जवळच सुगरणींची वसाहत होती. रिकामा वेळ होता. ते रोज जाऊन बसत आणि बघत. त्यातून कळले की सुगरण पक्ष्यात घरटे नर विणतो, मादी येऊन पसंत करते, आणि ती अंड्यांवर बसली की नर दुसरे घरटे विणायला घेतो. विहिरीवरच्या बाभळीला लटकणारी अर्धी सोडलेली घरटी आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ती नापसंत घरटी. हा अभ्यास छापून आल्यावर सालिम अलींचे नाव झाले.

“मग नोकरी मिळाली?” बाबा विचारतच होते.

“नोकरी नाही. त्यांनी संस्थानांना कळवलं, तुमच्या मुलखातले पक्षी मोजून देतो, पगार नको, फक्त खर्च द्या. हैदराबाद संस्थानाची पाहणी त्यांनी १९३१-३२ साली केली. आपला औरंगाबाद जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता.”

“पगार नको म्हणाले?” बाबा हसले. त्या महिन्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिले. “मग घर कसं चाललं?”

गुरुजी म्हणाले, “हा प्रश्न त्यांच्या बायकोला विचारायला पाहिजे होता.” आई चुलीपाशी होती, ती पण हसली.

आजीला मात्र रस्ता चुकलेल्या पक्ष्याचे एवढे कौतुक कळेना. तेव्हा गुरुजींनी तिला भोरडीचे सांगितले. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या आणि काळ्या डोक्याच्या मैना. आजीच्या माहेरी, जालन्याकडे, ज्वारी हुरड्यात आली की यांचे थवे उतरतात आणि ताट्यावर दाणा ठेवत नाहीत. आजी लहानपणी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. अजूनही आवाज काढून दाखवते. तर याच भोरड्या मध्य आशियातून, कझाकस्तानच्या गवताळ मुलखातून आपल्याकडे येतात, आणि कधी कधी उलट्या दिशेला जातात. २०१८ च्या उन्हाळ्यात त्या युरोपच्या पश्चिमेकडे, इंग्लंडपर्यंत गेल्या. तिथे भोरडी म्हणजे दुर्मीळ. ती कुणाच्या परसात उतरली की लोक दुर्बिणी घेऊन बघायला येतात.

आजी म्हणाली, “भोरडी बघाया? मला सांगितलं आस्तं तर समद्या तिकडंच हाकलल्या आस्त्या.” पण नंतर म्हणाली की पळस फुलला की त्या फुलांत डोके घालून बसायच्या तेव्हा छान दिसायच्या, आणि शेतात टोळ, नाकतोडे झाले की बापय माणसे त्यांना मारू नका म्हणायची. ज्वारीत एक आणि नाकतोड्यात एक, भोरडीचे असे दोन हिशेब आहेत.

त्याच आठवड्यात, १८ जूनला, सोलापूरला मारुती चितमपल्ली वारले. गुरुजींनी वर्तमानपत्र वर्गात आणले होते. ते वनखात्यात अधिकारी होते आणि पक्ष्यांची मराठी नावे गोळा करून त्यांनी ‘पक्षिकोश’ लिहिला. गुरुजी वाचून दाखवत होते तेव्हा मला बाबांचा प्रश्न आठवला, याचं नाव काय.

बाबांना जुलैत परत काम लागले. धाकटीला चप्पल आली. तिचे आणि माझे मात्र पुष्कळ दिवस पटत नव्हते. राजाला मीच घालवले असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागला तेव्हा गुरुजी म्हणाले की नवरंग आता परतीला निघाले असतील. तेव्हापासून धाकटी रोज रात्री मोरीत ड्रमच्या मागे बघून मग झोपते. आजीने ती जागा झाडायचे सोडले आहे. आईला ते आवडत नाही.

शाळेत आम्ही एक वही केली आहे. पक्षी दिसला की त्यात तारीख, वेळ, जागा, वारा-पाऊस कसा होता, पक्षी काय करत होता आणि बरोबर कोण होते ते लिहायचे. नाव माहीत नसले तर रंग लिहायचे आणि नावाची जागा रिकामी ठेवायची, अंदाजाने भरायची नाही. पहिली नोंद नवरंगाची आहे. आजपर्यंत चौतीस झाल्या, त्यात नऊ जागा रिकाम्या आहेत. पालकांनी भित्तिपत्रक वाचून झाल्यावर ती वही जरूर बघावी, गुरुजींच्या टेबलावर आहे. गावाकडे काही वेगळे दिसले असेल तर तेही लिहावे. पेन दोऱ्याने बांधलेला आहे, तो नेऊ नये.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी